दादासोंचं ‘पाहिलं’

अपूर्वानं लॅपटॉपचं झाकण खाली ओढलं, जरा थांबून परत वर केलं. मेल होती तिथंच होती.

‘तिसऱ्या ओळीत पुलाची उंची एक फूट जादा लिवलीस. मुद्दाम केलीस व्हय? पाण्यासंगं असली चेष्टा करू ने, पोरी. – दादासो.’

दादासो गावड्यांना जाऊन अडीच महिने झाले होते. बातमी कळली तेव्हा एकत्र काम करणाऱ्यांच्या मेलच्या यादीवर सगळ्यांनी दोन-दोन ओळी लिहिल्या, आणि पंधराव्या दिवशी त्याच यादीवर त्यांची मेल आली: ‘पाहिलं.’ मग येतच राहिल्या. अपूर्वानं काल खडा टाकून बघायचा म्हणून एक चूक मुद्दाम घालून पाठवली होती.

समोर तिच्याबरोबर काम करणारा यशराज भडंग खात होता. चोविशीतला, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे एक क्षणही न विसरणारा.

“आपोआप उत्तर देणारी स्क्रिप्ट असणार,” तो म्हणाला. “म्हातारा वस्ताद होता. जाता जाता लावून गेला काहीतरी.”

“मुद्दाम केलंय, हे स्क्रिप्टला कळतं?”

त्यानं भडंगातली मिरची वेचून बाजूला ठेवली.

“बारा दिवसांनी यादी बंदच होणार की. मग विषयच मिटला.”

मिटणार होता खरा, आणि तेच अपूर्वाला खुपत होतं. राजारामपुरीत, दवाखान्याच्या माडीवरच्या या खोलीत सात वर्षांपूर्वी तिनं ‘चढउतार’ हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. बंधाऱ्यावरची पाणीपातळी घातली की कुठल्या गावचा रस्ता किती तासांत पाण्याखाली जाणार, ते त्यानं सांगायचं. गेल्या पुरात चाळीस गावांनी त्याच आकड्यांवर जनावरं हलवली होती. प्रोग्रॅम सगळ्यांना खुला. ज्याला दुरुस्ती सुचेल त्यानं ती मेलनं यादीवर पाठवायची, बाकीच्यांनी वाचून खाली चुका दाखवायच्या. लोक त्याला पॅच म्हणत, दादासो ठिगळ म्हणत. आणि पहिल्यापासूनचा रिवाज एकच: दुसऱ्या कुणीतरी खाली ‘पाहिलं’ असं लिहिल्याशिवाय ठिगळ लागायचं नाही.

तो दुसरा माणूस दहात नऊ वेळा दादासो. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं नदीची पातळी वाचलेला गडी. निवृत्त झाल्यावर चंदगडाकडं गावी बसून प्रोग्रॅमिंग शिकला. अपूर्वानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी मात्र तिची एकही चूक कधी सोडली नव्हती.

पण नवी पोरं मेलला कंटाळली होती. त्यांना वेबवरचं पान हवं होतं. दुरुस्ती तिथं टाकायची, ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणजे ती घ्या अशी विनंती करायची, कुणीतरी हिरवं बटण दाबलं की काम फत्ते. कालच यशराजनं तिथं पहिली दुरुस्ती टाकली आणि अपूर्वानं रिक्षात बसल्या बसल्या मोबाईलवर बटण दाबून ती मंजूर केली. यादीवर त्यातलं अक्षरही गेलं नाही. नव्या पानाचं सुख तेच तर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चंदगडची एसटी पकडली.

घर शोधावं लागलं नाही. “गावड्यांचं व्हय? काजूच्या बागंच्या अंगाला जावा, पावणं,” असं थांब्यावरच्या माणसानं हात करून सांगितलं. दादासोंच्या बायकोनं, अंजनाकाकूंनी, तांब्याभर पाणी दिलं, नाव विचारलं आणि मान हलवली.

“हे ‘पोरी’ म्हणत्यात ती तूच व्हय.”

अपूर्वानं तांब्या न पिताच खाली ठेवला.

“काकू, काकांच्या मेलवरनं कोण लिहितं?”

“मीच की.”

अपूर्वाला इतकं हायसं वाटलं की ती हसलीच. आपण सुशिक्षित माणसं, आणि काय काय मनात आणलं होतं.

“मग तुम्हाला प्रोग्रॅम वाचता येतो?”

“मला त्यातलं काय कळतंय? सातवी शिकलेली मी. ह्यांची नजर जाऊन चार वर्सं झाली. तवापास्नं मी अक्षर न अक्षर वाचायची, हे ऐकायचे, सांगायचे, मी लिवायची.”

“आणि आता?”

“आता बी तसंच.”

खिडकीपाशी टेबलावर जुना कॉम्प्युटर होता, पुढ्यात स्टूल, आणि शेजारी एक वेताची खुर्ची. खुर्चीवर टॉवेल घडी करून ठेवलेला. अपूर्वा तिच्यावर टेकायला गेली तसं काकूंनी तिचं मनगट धरलं.

“तिथं नगं.” आवाज चढला नव्हता. “चटईवर बस.”

काकू स्टुलावर बसल्या. यादी बंद होणार असल्याची अपूर्वाची मेल वाचायची राहिली होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली, एकेका शब्दावर बोट ठेवून. मग हात मांडीवर घेऊन थांबल्या. खुर्चीकडं बघत नव्हत्या, कान तेवढा तिकडं होता. मिनिट गेलं, दोन गेली. मध्येच काकू “हं” म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, “परत सांगा की.”

अपूर्वाच्या अंगावर सरसरून काटा आला. लगेच स्वतःची लाजही वाटली. जन्माची सोबत, माणूस गेलं म्हणून ऐकायची सवय थोडीच जाते. चार वर्षं रोज वाचून पुलांच्या उंच्या पाठ झाल्या असतील काकूंना. झाल्याच असतील. ती मनात तेच तेच म्हणत राहिली.

काकूंची बोटं टकटक चालू झाली होती. अपूर्वानं पडद्याकडं पाहिलं नाही. कुणी पत्र लिहिताना डोकावू नये, असं तिच्या आईनं शिकवलं होतं.

“गेली का मेल?”

“हितं रेंज कुठली? सांजच्याला आली की आपसुक जाती. मेलचं तेवढं बरं हाय, वाट बघती. तुझ्या त्या पानाला म्हणं कायम रेंज लागती.”

“कोण म्हणालं?”

“हेच की.”

निघताना काकूंनी काजूची पिशवी हातात दिली. डोळे कोरडे होते, पण पिशवी लवकर सुटेना.

“यादी बंद करायची तर कर बाई. पर मग मी ह्यांच्यासंगं बोलू तरी काय निमित्तानं?”

दिवस मावळतीला एसटी मोठ्या रस्त्याला लागली. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर अपूर्वानं पिशवी ठेवली. मोबाईलला रेंज आली आणि तो थरथरला.

‘यादीचं तुझं तू बघ. पर परवा यशराजनं तिकडं जे ठिगळ लावलं ते आधी काढ. एकोणचाळीस फूट नऊ इंचाला त्यानं ३९.९ लिवलंय, आनि दहा इंचाला ३९.१०. फुटाला इंच बारा असत्यात. पाणी नवावरनं दहावर चढंल आनि तुमचं यंत्र म्हनंल, उतरलं. लोक जनावरं घिऊन माघारी येतील. खाली तुझं नाव हाय, पोरी. न बघता पाहिलं म्हनू ने. – दादासो.’

तिनं वेबवरचं पान उघडलं. आकडे तसेच होते. ३९.९, खाली ३९.१०. त्याखाली हिरवी खूण, तिचं नाव आणि वेळ, त्या रिक्षातली.

ही दुरुस्ती यादीवर आलीच नव्हती. चंदगडच्या त्या घरात ती पोचायला वाटच नव्हती, आणि अपूर्वानं तिथं तिचं नावही काढलं नव्हतं. काकूंच्या पुढ्यात वाचायला काही नव्हतं.

तिनं ठिगळ काढून टाकलं. यशराजला दोन शब्द लिहिले. मग यादीवर नवी मेल लिहायला घेतली: यादी चालू राहील, वेबवरची प्रत्येक दुरुस्ती आधी इथं येईल, आणि इथं ‘पाहिलं’ आल्याशिवाय लागणार नाही.

पाठवायच्या बटणावर अंगठा गेला आणि थांबला. तिनं शेजारच्या सीटवरची काजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग लिहिलेलं सगळं पहिल्या शब्दापासून हळू आवाजात वाचलं आणि त्या रिकाम्या सीटकडं कान देऊन वाट बघत बसली.