दसऱ्याचा बाण आन् बाभळीचा डिंक

आमच्या मालकांना काही सांगणं म्हंजे पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हणलं होतं, बाण हायेत तसे ऱ्हाऊ द्या. ऐकतील तर ते मालक कसले?

लातूर नुकताच जिल्हा झालता. पाऊस न्हाई, हिरी आटल्या, पण दसऱ्याला नवे साहेब येणार म्हणून गावात धांदल. आमच्या निलंग्याकडं शमीखाली केळीचा खांब रोवतेत. त्यात बाण रुतला की मगच सोनं लुटायचं. बाण मारायचा मान आजेसासऱ्यापासून आमच्या घरचा.

बाण जुने, लाकडी. उन्हानं काड्या वाकल्या, पिसं कसरीनं खाल्लती. मालक चुलीपुढं बसून एकेक काडी इंगळावर शेकायचे, जवसाचं तेल चोळून गुडघ्यावर सरळ करायचे. सत्तरीचा माणूस, पण वेशीतून येणारं कोण हाय ते दारातून सांगायचे.

जुनी पिसं काढताना बांधणी सुटली. मालकांनी ती बोटात चोळली, वास घेतला आन् बाण खाली ठेवला.

"तांत हाय ही. जनावराच्या आतड्याची. आन् चिकटवलंय ते सरस. कातडं उकळून करतेत."

गळ्यात लिंग, घरात कधी अंडं आलं न्हाई, आन् आमचे वाडवडील हेच बाण कपाळाला लावत आले. मी म्हणलं, "त्यांना चाललं, तुम्हालाच काय झालं? तसंच बांधा."

"त्यांना ठावं न्हवतं. मला कळलंय."

मग काय, रेशमाचा दोरा आणला, बाभळीचा डिंक कालवला. बाण लई देखणे झाले. पण डिंक वाळला की ठिसूळ, आन् त्या साली हवा अशी कोरडी की ओठ फुटायचे. म्हणलं, एखादा मारून तरी बघा.

"देवाचा बाण आधीच मारून उष्टा करू व्हय?" म्हणले.

दसऱ्याला केळ कुठून मिळायची? मातीचं पोतं उभं केलं. मालकांनी नेम धरला, सोडला. बाण निम्म्यात भेलकांडला आन् शमीच्या पल्याड जाऊन पडला. मालक सोताच उचलायला गेले. सुटलेलं पीस त्यांनी मुठीत दाबलं, ते मी पाहिलं.

पुतण्या विरूपाक्ष पुढं आला. "काका, डोळे थकले आता तुमचे."

डिंक सुटला म्हणले असते तर भागलं असतं. पण मग लोक विचारणार, आधी काय लावत होता? भरल्या गावात वाडवडलांची अब्रू निघाली असती. मालक म्हणले, "हाव बाबा. दिसत न्हाई मला." आन् धनुष्य त्याच्या हाती दिलं. त्यानं पुढं सरकून जवळून मारला. रुतला. लोक सोनं लुटायला पळाले.

"तू बोलू नको कुठं," मला घरी म्हणले. मी न्हाई बोलले. पण जीव लई तुटला माझा, अजून तुटतो.

तवापासून विरूपाक्ष त्यांना हात धरून मठात न्यायचा. "काका, पायरी हाय," म्हणायचा, आन् मालक पायानं पायरी चाचपायचे. सगळं दिसत असून चाचपायचे. शेताकडं जाणंही सुटलं. आंधळ्याला कोण एकटं सोडतंय?

एकदा अंगणात आम्ही दोघंच होतो, तरी मालक भिंत धरून चालत होते. म्हणलं, "आता कोण न्हाई बघायला. सोडा की भिंत."

"ऱ्हाऊ दे गं, सवय झाली," म्हणले आन् भिंत धरूनच आत गेले.