तीन करवतींची मिळून मी एक

"सून गरीब आहे. तिच्या हाती निरोप द्यायला बरं, मध्ये स्वतःचं काही घालत नाही."

मिस्त्री बायकोला हे म्हणाले तेव्हा सून दारामागे चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ऐकलं हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. मी टेबलावर आवळून बसवलेली होते आणि माझं तोंड दाराकडेच होतं.

मी एक करवत बोलतेय. पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांनी लाकूड कापणारी. चेनसॉ म्हणतात ती. 'मी एक' म्हणताना मात्र जीभ अडखळते. माझं धड वखारीतल्या एका जुन्या करवतीचं, सिलिंडर आणि पिस्टन भंगारातल्या दुसरीचे, मूठ आणि दोरी ओढायचा स्टार्टर तिसरीचा. तिघी आपापल्या जागी राबून, झिजून अडगळीत पडल्या होत्या. स्वस्थ बसणं तिघींपैकी एकीलाही जमलं नव्हतं, तेव्हा मला कुठून जमणार? टेबलावर नुसती पडले तरी माझी साखळी शिवशिवते.

मला जोडलं मिस्त्रींनी आणि त्यांच्या मुलाने. दोघे एकाच दिव्याखाली वाकून काम करायचे, तेव्हा फार बरं वाटायचं. मुलाने नवा कार्बोरेटर आणला.

"जुन्या बाईला नवं काळीज?" मिस्त्री म्हणाले.

"जुनं फाटलंय, बाबा. टाके घालू का?"

दोघे हसले होते त्या दिवशी.

पेट्रोलच्या टाकीचं झाकण काही कुठे मिळेना. मग मिस्त्रींनी ते स्वतः पितळेचं घडवलं. लेथवर आटे पाडले, आत रबराची कडी बसवली. टाकी भरून मला पांढऱ्या कागदावर उलटं धरलं. एक थेंब पडला नाही. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते झाकण बघावं लागलं. बायकोला तर दोनदा.

मग मला सुरू केलं. काय गरजले मी. ओंडक्यात घुसले, भुसा उडाला, आणि निम्म्यावर माझा जीव कोंडला. बंद. पुन्हा सुरू, पुन्हा निम्म्यावर बंद. मुलगा म्हणाला, ठिणगी कमी पडतेय. ठिणगीचं काम बापाचं. बाप म्हणाला, कार्बोरेटर फसवा आहे. तो लेकाने आणलेला. शब्दाला शब्द लागला आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. वर्कशॉप मात्र एकच, टेबलही एकच. मग निरोप सुरू झाले.

"सूनबाई, त्याला म्हणावं, कार्बोरेटर उघड."

"बाबांना सांग, उघडून उघडून स्क्रू झिजले."

मध्ये ती, हातात ट्रे. "ते म्हणतात, स्क्रू झिजले." दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ती हे सांगायची, चेहऱ्यावरची रेघही हलू न देता. माणसांची ही सवय मला अजून कळलेली नाही. सरळ ऐकू आलेलं त्यांना ऐकू येत नाही. तेच दुसऱ्याच्या तोंडून आलं की येतं.

दुपारी दोघे जेवायला गेले की ती कानस घेऊन माझे दात घासायची. सासूबाईंनी शिकवलं होतं. हात हलका होता. या खोलीत ती रमली होती. मला दातांवरून समजायचं.

एके दिवशी मुलगा तिला म्हणाला, "मला मोठ्या कारखान्यात काम मिळतंय, दूरच्या शहरात. बाबांना सांग, ही करवत एक ओंडका सलग कापत नसेल, तर आपण निघालो."

त्या 'आपण'मध्ये ती होती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी बंद पडले की पेट्रोल बघायला ते झाकण फिरवायचे. 'स्स' व्हायचं, माझ्या टाकीत वारा शिरायचा आणि मला श्वास मिळायचा. टाकी भरलेली दिसली की झाकण पुन्हा घट्ट. त्या 'स्स'कडे भांडणाच्या नादात दोघांचं लक्ष नव्हतं. तिचं होतं. तिने झाकणाकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते शर्टाच्या टोकाने झाकण पुसत होते. ती गप्पच राहिली.

मी तिला दोष देत नाही. घरात नवी आलेली मुलगी त्या झाकणाला कसं नाव ठेवणार? पण मी आतून तडफडत होते. हे दोघे वेगळे झाले की मलाही उसवणार, तीन फळ्यांवर तीन ढीग. माझं एवढंच मागणं होतं: मी बंद पडले तर एकमेकांकडे नका बघू रे, माझ्याकडे बघा.

परवा सकाळी शेवटची परीक्षा झाली. लाकडी घोडीवर ओंडका चढवला, मुलाने दोरी ओढली. निम्मं कापलं आणि मी त्यातच अडकून विझले.

त्याने हातमोजे काढले. "बाबांना सांग, संपलं."

"त्याला सांग, खुशाल जा," मिस्त्री म्हणाले. आवाज खुशालीचा नव्हता.

तिने ट्रे खाली ठेवला. माझ्याजवळ आली, झाकण अर्धा वेढा सैल केलं. 'स्स.' या वेळी सगळे गप्प होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. तिने ते परत घट्ट केलं आणि स्वतःच दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मी पेटले. थोडं धडधडू देऊन तिने मला बंद केलं, आणि थांबणं मला पहिल्यांदाच जड गेलं नाही.

बाप आणि लेक तिच्याकडे बघत राहिले. आता ही कुणाचा निरोप कुणाला देणार?

"बाबा, झाकण सुरेख झालंय, थेंब गळत नाही," ती म्हणाली. "पण वाराही आत जात नाही, मग पेट्रोल पुढे सरकत नाही, म्हणून हिचा जीव कोंडतो. सुईएवढं भोक पाडा. अहो, तुम्ही धरा, ते पाडतील. आणि शहरात जायचं तर तुम्ही जाऊन या. मी इथेच आहे. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून सांगितलं."