सूर्याचा पल्ला आणि पुढे लावलेलं घड्याळ

मी मुलुंडची एक दुर्बीण बोलतेय. सध्या एका बॅगेत कपड्यांमध्ये कोंबलेली आहे आणि जीव नुसता तळमळतोय. मला स्वस्थ बसायची सवयच नाही. सूर्य धरावा तर तो लगेच निसटतो, मग मला पुन्हा ढकलावं लागतं.

मला नंदकुमारांनी आणलं. ते शाळेत गणित शिकवायचे. त्यांची धाकटी बहीण कुंदा लग्न करून ऑस्ट्रेलियात, पर्थला गेली आणि हे रुसून बसले. तिचा फोन आला की "बरं आहे" एवढंच म्हणायचे आणि रिसीव्हर बायकोच्या हाती द्यायचे. वाट मात्र रोज बघायचे.

एकदा कुंदा म्हणाली, "दादा, जूनमध्ये शुक्र सूर्यावरून सरकणार आहे. तू तिथून बघ, मी इथून बघते. सूर्याचं अंतर काढू या ना."

युक्ती जुनीच. खगोलशास्त्रज्ञांनी अडीचशे वर्षांपूर्वी ती वापरली होती. नाकासमोर बोट धरा आणि एकेक डोळा मिटून बघा, बोट भिंतीवर इकडून तिकडे सरकतं. मुंबई एक डोळा, पर्थ दुसरा, आणि शुक्र म्हणजे बोट. त्याचा काळा ठिपका सूर्याच्या कडेला दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी टेकतो. त्या वेळांमधला फरक आणि दोन गावांमधलं अंतर कळलं, की हिशेबाने सूर्य किती लांब ते निघतं.

२००४ साली गच्चीवर माझ्यामागे पांढरा कागद धरला. त्यावर सूर्याचं गोल बिंब पडलं. ठिपका टेकताच नंदकुमारांनी हाक मारली आणि त्यांच्या बायकोने, सुलक्षणाने, हॉलमधलं घड्याळ बघून वेळ सांगितली. उत्तर भलतंच आलं.

"दादा, घड्याळ पुढे तर नव्हतं ना रे?" कुंदाने विचारलं.

पुढेच होतं. गाडी चुकू नये म्हणून मुंबईत घरोघरी असतं. इथे मोजायचा फरकच काही मिनिटांचा, त्याची पार वाट लागली.

पुढची संधी आठ वर्षांनी होती. त्यानंतरची थेट २११७ साली, म्हणजे आज जिवंत असलेल्या बहुतेकांच्या नशिबात नाही. ती आठ वर्षं मी माळ्यावर चडफडत काढली. खाली घड्याळ मात्र बरोबर चालू लागलं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

२०१२ साली शुक्र सूर्याबाहेर पडायच्या बेतात होता आणि ढग आले. नंदकुमार गच्चीवर येरझारा घालू लागले. ऐन वेळी ढग फाटले, ठिपका कडेला चिकटला आणि सुटला. दुपारी आकडेमोड झाली. पंधरा कोटी किलोमीटरच्या आसपास. या वेळी उत्तर बरोबर होतं.

या वेळी त्यांनी रिसीव्हर बायकोच्या हाती दिला नाही, स्वतःच कुंदाला आकडा वाचून दाखवला. मग म्हणाले, "कुंदे, तू इथेच राहिली असतीस, तर हे जमलं नसतं गं." पलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला.

आता त्यांची मुलगी नेत्रा नोकरीसाठी बर्लिनला निघाली आहे. नंदकुमार पुन्हा "बरं आहे"वर आले. नेत्रा बॅग भरायची, उपसायची, त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. काल तिने विचारलंच, "बाबा, नको जाऊ का मी?"

ते उठले. स्टुलावर चढून त्यांनी मला माळ्यावरून काढलं, पुसलं आणि तिच्या बॅगेत ठेवलं.

"जा. खुशाल लांब जा," ते म्हणाले. "फक्त घड्याळ पुढे लावू नकोस."

नेत्रा, पोचलीस की आधी मला उन्हात काढ. आणि बाबांना फोन कर. ते "बरं आहे" म्हणतील. तू फोन ठेवू नकोस.