कवचावरचा पोचा

काकांच्या कारखान्यात आम्ही चिलखतं बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे जुन्या लढाया मैदानात पुन्हा खेळून दाखवणारी मंडळं. आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून बसणारी माणसं रविवारी शूरवीर होतात आणि सोमवारी कंबर धरून कामाला जातात.

या खेपेला दोन मंडळांना सहा-सहा छातीकवचं हवी होती. एका मंडळाचे सेनापती दातांचे डॉक्टर. नमुना म्हणून त्यांनी संग्रहालयातल्या कवचाचा फोटो दिला. त्यावर उजवीकडे गोटीएवढा पोचा होता. हा कशाचा, मी विचारलं. काका म्हणाले, जुनं आहे, कुठे आपटलं असेल. तूही पाड, नाहीतर कोरं करकरीत दिसेल. मग मी गोल डोक्याच्या हातोडीने बारा पोचे पाडले. दुसऱ्या हातात केळं होतं. पत्रा पाण्याच्या टाकीचा, स्वभावाने भिडस्त. एका फटक्यात ऐकायचा.

माल गेल्यावर आठवड्याने डॉक्टर आले ते डोळ्यांत पाणी घेऊन. एरवी ते इतरांच्या डोळ्यांत आणतात. त्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली होती. त्या काळी कवच विकण्याआधी त्यावर खरी गोळी झाडत. आरपार गेली नाही, नुसता पोचा पडला, तर कवच पास. पोचा म्हणजे हमी. आणि आम्ही न सांगता प्रत्येक कवच तपासून दिलं म्हणून मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला होता.

रविवारी सकाळी प्रेक्षकांसमोर ठासणीच्या बंदुकीने खरी गोळी झाडायचंही ठरलं होतं. कवचात त्याच मंडळातले माझे दाजी उभे राहणार. त्यांची छाती रुंद आहे आणि त्यांना नाही म्हणता येत नाही. ताईचं लग्नही असंच जमलं.

मी काकांकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांचं कोणी अभिनंदन केलं नव्हतं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. कानस उचलून घासायला लागले. कानशीखाली काहीच नव्हतं.

तीन दिवस मी त्यांच्या मागे लागलो, सांगून टाकू. ते म्हणत, जुनी बंदूक आहे, उडायची नाही.

रविवारी आम्ही मैदानात पोचलो तेव्हा सरावाला ठेवलेलं कलिंगड कुठेच नव्हतं. म्हणजे, सगळीकडे होतं. ताई पहिल्या रांगेत मोबाईल रोखून बसली होती. वीस पावलांवरून दाजी तिला हात करत होते.

मी डॉक्टरांना गाठून सरळ सांगितलं, की पोचे मी पाडलेत, हातोडीने, केळं खाता खाता.

त्यांनी चष्मा पुसला. "याला आधार काय?"

"मीच पाडलेत ना."

"हे तुझं म्हणणं झालं. माझ्याकडे कागद आहे. ऐकीव गोष्टींवर आपण चालत नाही." तोंड उघडा म्हणावं इतक्या शांतपणे ते बोलले आणि बंदूकवाल्याला खूण केली. त्याने नळीत गोळी ठासली.

तेवढ्यात काका माझ्या बाजूने निघून सरळ दाजींपुढे जाऊन उभे राहिले, नेमके बंदुकीच्या वाटेत. पिशवीतून हातोडी काढून त्यांनी तिचं डोकं पोच्यात टेकवलं. डबीला झाकण बसावं तसं बसलं.

"तपासलेलं नाही," काका सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले. "बारातलं एकही नाही. पोचा शोभेचा आहे."

डॉक्टरांनी हातोडी स्वतः पोच्यात बसवून पाहिली. मग त्यांनी बंदूक खाली ठेवायला सांगितली. ताई उठून दाजींच्या कवचाचे पट्टे ओढायला लागली. मला वाटलं, सुटलो.

डॉक्टर खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. पोच्यांच्या कागदाची प्रत त्यांनी शुक्रवारी दुसऱ्या मंडळालाही पाठवली होती. त्या मंडळाला गोळी झाडायची कल्पना फार आवडली होती. एकेक कशाला, म्हणाले होते, रविवारी सहाही एकदम उभे करू.

"किती वाजता?" काकांनी विचारलं.

"दहाला."

सव्वादहा झाले होते. डॉक्टरांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे होतो.

"कार्यक्रम रंगला असेल," दाजी म्हणाले.