मला बुडू द्या

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. देव नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आज माझ्या कपाळावर बोटभर शेंदूर थापलेला आहे आणि त्याखालचा संताप कुणाला दिसत नाही.

हिंगणघाटात वणा नदीच्या जुन्या घाटावर, अगदी खालच्या पायरीपाशी मला रोवले होते. पाथरवटाने माझ्या गळ्याभोवती एक खाच पाडली. तिला लोक कंठ म्हणत. नदी चढून माझा कंठ भिजला की घाटालगतच्या आळीने घरे सोडायची, हा शिरस्ता होता. हाक उठायची आणि भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारेकोतारे सगळे चढावरच्या शाळेत जायचे. मी दर पावसाळ्यात गाळात बुडालो. बायकांनी माझ्या पाठीवर धुणे आपटले. हार कुणी घातला नाही, पण मी सुखी होतो.

मग घाटदर्शन मंडळ निघाले. दर रविवारी वर्ध्याची, नालवाडीची मंडळी जुना घाट, दगडी कमानी, काठावरच्या बोळी बघायला येऊ लागली. जरूर यावे, मलाही बरे वाटते. पण मंडळाचे प्रभाकरराव त्यांना भलतेच सांगत सुटले, की हा घाटाचा राखणदार देव आहे. देव चिखलात शोभत नाही, म्हणून त्यांनी मला उपटले आणि त्याच जागी पुरुषभर उंच ओटा बांधून वर बसवले.

आळीतल्या कमलाबाईने तेव्हा विचारले होते, "काऊन जी भाऊ, आता पाण्याची खूण कशी समजन?"

"दगड तोच हाये ना बाई," प्रभाकरराव म्हणाले. "खूण कुठी जाते?"

तिला पटले. साऱ्या आळीला पटले. अहो, खूण माझ्यात नव्हती, माझ्या जागेत होती! एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरू नये?

त्या श्रावणात नदी फुगली. मंडळाने घाट आणि आळीच्या मध्ये नवी भिंत घातली होती; तिच्यावरून आळीला पाणी दिसत नव्हते, फक्त माझे डोके आणि गळा दिसत होता. शेजारी सामान बांधू लागले, तर कमलाबाई दारातून माझ्याकडे बघून म्हणाली, "कंठ कोरडा हाये. कायले निंगून राह्यले?"

थोड्याच वेळात पाणी तिच्या चुलीवर आले. माणसे कशीबशी निघाली. दाव्याला बांधलेल्या तिच्या दोन्ही शेळ्या राहिल्या. त्यांचे ओरडणे मी वर बसून ऐकले, आणि मग ते थांबले.

पूर ओसरला, तसे प्रभाकरराव हार घेऊन आले. पाहुण्यांना म्हणाले, "पहा, एवढा पूर आला, पण देवाच्या गळ्याले पाणी लागलं नाई." लोकांनी हात जोडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

कमलाबाई चिखलाच्या पायांनी पुढे आली. "त्याले खाली उतरवा जी," ती म्हणाली. "आमची घरं हायेत इथं."

"देवाले पायरीवर बसवाचं काय?" असे म्हणून त्यांनी तिला बाजूला सारले.

मित्रांनो, घाट बघायला तुम्हीही याल. तेव्हा मला नमस्कार करू नका. खालच्या पायरीपाशी माझा खड्डा अजून ओट्याखाली आहे. प्रभाकररावांना त्याची आठवण करून द्या आणि ओटा फोडायला लावा. पुढच्या पावसाळ्याआधी मला तिथे परत रोवा. आळी वाचायची असेल, तर आधी मी बुडायला हवा.