पाऊण तासाचे उत्तर

मित्रांनो, मी एक जुने तपासणी यंत्र आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझे बिऱ्हाड. आकाराने मी शिवणयंत्राएवढे. नाकातून घेतलेल्या नमुन्यात सर्दी-खोकल्याचा कोणता विषाणू दडला आहे, हे मी पाऊण तासात सांगते.

प्रत्येक विषाणूजवळ त्याची स्वतःची जनुकीय खूण असते, पण ती फार सूक्ष्म. मी नमुना तापवते, निववते, पुन्हा तापवते. दर फेरीला त्या खुणेच्या प्रती दुप्पट होतात; एकीच्या दोन, दोनाच्या चार. चाळीस फेऱ्यांत, त्यांना चिकटणाऱ्या रंगामुळे, त्यांची चमक मला दिसू लागते. विषाणू नसेल तर चमक नाही. आणि नमुनाच धड नसेल तर मी तसेच सांगते. ठाऊक नसताना ठोकून द्यायचे नाही, हा संस्कार माझ्या कारागिरांनी मला कारखान्यातच दिला.

इथे आले तेव्हा माझे स्वागत काही खास झाले नाही. बालविभागाचे मोठे डॉक्टर म्हणाले, मोठ्या प्रयोगशाळेला दोन दिवस लागतात, तिथे हे डबडे पाऊण तासात काय दिवे लावणार? दोन महिने मी झाकणाखाली धूळ खात पडले. फक्त प्रयोगशाळेतल्या ताई रोज मला पुसत आणि सुरू करून पाहत.

मग एका सकाळी कमी वजनाच्या बाळांच्या खोलीतून निरोप आला. तिथे सहा बाळे होती. त्यांतले सर्वांत लहान, दीड किलोचे, दूध ओढेना आणि त्याला धाप लागली होती. मोठ्यांना नुसती सर्दी देणारा एक विषाणू अशा बाळांचा जीव घेऊ शकतो. तोच असेल तर बाकीच्या पाचांना तासाभरात वेगळे करायला हवे होते. दोन दिवस थांबायला सवड होती कुणाला? डॉक्टर नाइलाजाने माझ्याकडे वळले.

पहिल्या नमुन्यावर मी उत्तर दिले : चाचणी अवैध. डॉक्टर वैतागले. म्हणाले, मी सांगत नव्हतो?

ताई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, यंत्र चुकलेलं नाही. नमुना कमी पडलाय, एवढंच ते सांगतंय. मी स्वतः येऊन घेते."

त्यांनी हलक्या हाताने नमुना आणला. बाळाचे वडील दाराबाहेर उभे राहून माझ्या पडद्याकडे पाहत होते. पाऊण तास सरला आणि मला चमक दिसली. विषाणू तोच होता. बाळाला लगेच वेगळ्या खोलीत हलवून प्राणवायू सुरू केला. मग एकेक करून पाचांचे नमुने आले. चौघे निर्दोष निघाले. पाचवे बाळ छान दूध ओढत होते, पण चमक त्याच्याही नमुन्यात होती. त्यालाही हलवले.

तेवढ्यात त्या खोलीच्या थोरल्या सिस्टर आल्या. हात न धुता कोणी आत पाऊल टाकले, तर ज्यांच्या नजरेनेच माणूस माघारी फिरे, त्या ह्या.

"माझंही नाक तपासा," त्या म्हणाल्या. "दोन दिवस घसा खवखवतोय. किरकोळ समजून मी कामावर येत राहिले."

त्यांच्या नमुन्यातही तोच निघाला. सिस्टरांनी पडद्यावरचे उत्तर पुन्हा एकदा वाचले. "म्हणजे मीच."

कोणाकडून कोणाला गेला, हे मला सांगता येत नाही. ताईंनी त्यांना पाणी दिले. म्हणाल्या, "तुम्ही आपणहून आलात म्हणून कळलं. नाहीतर उद्या त्या चौघांना दूध पाजायला तुम्हीच गेला असतात."

सिस्टर घरी गेल्या आणि बऱ्या होईपर्यंत फिरकल्या नाहीत. आठवडाभरात चौघांच्या पुन्हा दोनदा चाचण्या झाल्या. चमक नाही! दीड किलोच्या बाळाचा प्राणवायू पाचव्या दिवशी निघाला आणि ते पोटभर दूध प्यायले. पुढे एकेक करून सहाच्या सहा बाळे आईच्या कुशीत घरी गेली.

शेवटचे बाळ घरी गेले त्या दुपारी मोठे डॉक्टर प्रयोगशाळेत आले. मग ताईंना म्हणाले, "असं अजून एक मागवू या. आणि नमुना कसा घ्यायचा, ते आधी मला शिकवा."

मित्रांनो, त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नाही. त्यानंतर मी हजारो नमुने तपासले. आता माझ्याहून चपळ यंत्रे शेजारी आली आहेत, तरी घाईच्या दिवसांत माझीही पाळी येते आणि मी अजून चोख उत्तर देते. यंत्रांना पुसत जा, त्यांना नीट नमुना देत जा, ती दगा देत नाहीत. आणि तान्ह्या बाळाला पाहायला गेलात, अन् नाक जरा जरी वाहत असले, तर दारातूनच हसा. शत्रू कोण, हे मी पाऊण तासात सांगेन. त्याला उंबऱ्यावर अडवणे मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते हात धुतलेले असू द्या.