रेवतीला शिव्या

मोने, तू फक्त ऐक. मधे 'हो का, खरंच का' करू नको, नाहीतर माझी लिंक तुटते.

आमच्या घराला लागून पियुषदादा राहतो ना, त्याची बायको कामिनी वहिनी, धुळ्याची, तिची गोष्ट आहे ही. टीव्हीवर ते 'कर्ता पुरुष' लागायचं बघ, बायकोला गजरा आणणारा, पोरांचा अभ्यास घेणारा आणि बाहेर जाऊन माणसं मारणारा तो माधव? ते काम करणारा पोरगा धुळ्याचा, देवपुरातला, म्हणून आमचं गाव नुसतं वेडं झालं होतं. भडगावजवळ गिरणेकाठचं एवढंसं गाव, पण बोलणं ऐकलं तर वाटावं माधव आमच्याच भावकीतला आहे. वहिनीला तर रोज चिडवायचे, "काय वं कामिनी, तुना माहेरना माणूस आज कोनले मारस?" तीपण हसायची. नानांची केळी कापली जाईपर्यंत हसायची.

जीवराम नाना म्हणजे पियुषदादाचे सख्खे चुलते. त्यांची बाग घडांनी वाकली होती, आठ-पंधरा दिवसांत माल निघाला असता, आणि कोणीतरी रात्रीतून येऊन अर्धी बाग कापून आडवी केली. चोरली नाही गं, नुसती कापली. सकाळी बायका मयताला आल्यासारख्या बांधावर बसून रडल्या. पोलिस आले आणि राखणीला होता त्या बादललाच उचलून घेऊन गेले. बादल सातपुड्यातल्या पाड्यावरचा. घरी लग्न होतं म्हणून त्यानं सुट्टी मागितली होती, नानांनी नाही म्हटलं होतं, दोघांचं वाजलं होतं. झालं, तेवढं पुरलं.

आणि वहिनीला माहीत होतं कोणी कापली.

त्याच सकाळी तिनं पियुषदादाचा शर्ट धुवायला घेतला, तर बाहीवर, पोटावर सगळीकडे केळीचा चीक. तुला माहितीये ना तो डाग कसा असतो, काळपट तपकिरी, सोडा लाव, रॉकेल लाव, जात नाही म्हणजे नाही. म्हणून तर केळीवाल्यांचे बागेत घालायचे कपडे वेगळेच असतात. आणि पियुषदादाकडे केळीचं एक खोड नाही, सगळा कापूस! तिनं शर्ट त्याच्यासमोर धरला. तो लेकीची, परीची वेणी घालत होता, शाळेची. मान वर न करता म्हणाला, "नानांनी माझ्या शेताचा रस्ता बंद केला, कापसाची गाडी काय डोक्यावरून नेऊ? जाळून टाक तो शर्ट." आणि रिबीन बांधली. फूल पाडून, छान.

म्हणजे बघ, हा तोच दादा ज्याचं नाव घेऊन गावातल्या बायका नवऱ्यांना टोमणे मारतात! बायको आजारी पडली तर भाकरी टाकणारा, परीला खांद्यावर घेऊन बाजारात फिरणारा. वहिनीनं शर्ट जाळला नाही. डाळीच्या कोठीमागे ठेवून दिला. का ठेवला ते तिचं तिलाच सांगता येईना. बादलचं कळलं तेव्हा ती दादाला म्हणाली, तो पोरगा आत आहे हो. तर दादा म्हणाला, "सुटेल. त्या लोकांना सवय असते."

सवय असते म्हणे!

मग त्या सिरीयलचा शेवटचा भाग. समोरच्या हितेंद्रभाऊंनी नवा मोठा टीव्ही आपल्या ओट्यावर काढला, खाली ताडपत्री, पुढे खुर्चीत नाना, त्यांच्याशेजारी वहिनीची सासू बेबाबाई, मागे पियुषदादा परीला मांडीवर घेऊन. अर्धं गाव तिथंच. ब्रेक लागला आणि भुरीबाई आली. बादलची आई. पाड्यावरून आली होती, पायांवर नुसती धूळ. नानांसमोर उभी राहिली.

"नाना, एकदा ठाण्यात चला. माझ्या पोरानं केळ नाही कापली. त्यानंच पाणी दिलं ना तिला, तो तिला कसा कापेल?"

नाना म्हणाले, "मी काय करू बाई? कायदा शे. गुन्हा करा तर भोगनं पडी."

"एकदा नुसतं सांगा तुम्ही."

तेवढ्यात ब्रेक संपला. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ बाई, सरका ना बाजूले, टीव्ही दिसत नही!" ती सरकली गं. खांबाला टेकून उभी राहिली. कोणी बस म्हटलं नाही. वहिनी म्हणते, तिथूनच माझं डोकं तापायला लागलं.

आणि सिरीयलमध्ये काय, तर माधवची बायको रेवती, तिला सगळं कळतं आणि ती पोलिसांना फोन लावते. बस! ओट्यावर जो आगडोंब उसळला! बेबाबाई म्हणाल्या, "काय मेली बाई शे! असा नवरा दिवा लाईसन सापडाव नही!" त्या टारगट नवल्यानं तर चप्पलच फेकली, तर हितेंद्रभाऊ किंचाळले, "अरे गाढवा, टीव्ही मना शे, रेवतीना नही!" सगळे हसले आणि परत शिव्या सुरू. फितूर काय, पांढऱ्या पायाची काय, आणखी काय काय, तुला इथं सांगवत नाही. आणि नाना! नाना खुर्चीतून अर्धे उठले. "घरनी गोष्ट घरमाच मिटाडाले जोयजे! माणूस चुकस. पन त्यानी जे करं ते कोनासाठे करं? घरसाठेच ना? दोन पोरे शेतस त्याले!"

वहिनीनं मागे वळून पाहिलं. पियुषदादा परीच्या केसांतून हात फिरवत मान हलवत होता. "चुकलीच ती," म्हणाला.

वहिनी उठली आणि सरळ टीव्हीपुढे जाऊन उभी राहिली.

"नाना, मग त्यानं मारलेली माणसं?"

"अवं, सिरीयल शे ती. सरक."

"असू दे. तरी सांगा. बायकोनं गप्पच बसायचं?"

"मंग? बायको शे ती, फौजदार शे का?"

"मग तुमची केळी कापली त्याची बायको गप्प बसली तर चालेल ना तुम्हाला?"

नानांना हसूच आलं. "बादलले बायको कोठे शे वं? लगीन तरी व्हयनं का त्यानं?"

सगळा ओटा खो-खो हसला. खांबाजवळ भुरीबाई, आणि हे हसताहेत!

"मी बादलचं नाही बोलत," वहिनी म्हणाली.

हसणं असं कापल्यासारखं थांबलं. पियुषदादा उठला, परी खांद्यावर, आवाज एकदम मऊ, "कामिनी, घरी चल."

"घरी काय आहे? तुमचा शर्ट आहे. केळीच्या चिकाचा."

मोने, तिथं एकाही बाईला याचा अर्थ समजवावा लागला नाही. बेबाबाईंनी पदर तोंडात कोंबला. नाना पुतण्याकडे बघतच राहिले. सगळ्यांना वाटलं आता देतात एक ठेवून. आणि त्यांनी काय करावं? ते वहिनीवर धावले! "चार माणसंमा बोलाना अक्कल नही का तुले? घरनं शे हाई. उद्या घरमा बसूत, देखूत."

"आणि बादल?"

"त्यानं बी देखूत. दोन दिवस थांब."

"ब्रेकमध्ये कायदा होता ना नाना!" ती असली ओरडली ना, की सुनेचा आवाज एवढा चढलेला गावानं कधी ऐकला नव्हता. "आत्ता ब्रेकमध्ये कायदा होता! पाच मिनिटांत कुठं गेला?"

मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "रेवतीच शे हाई बी." आणि मोने, ज्यांची केळी कापली त्या नानांनी मान डोलावली!

सकाळी वहिनी शर्ट पिशवीत घालून निघाली, भुरीबाई सोबत. दादा दारात उभा, परीला पुढे करून. ओरडला नाही, हात उचलला नाही, नुसतं म्हणाला, "हिच्याकडे बघ आणि मग जा." तिनं बघितलं. मग परीचा हात धरला आणि तिलाही घेऊन भडगावच्या रिक्षात बसली.

बादल सुटला. घरी पोचला तोवर लग्न होऊन गेलं होतं. कोणी त्याला चुकलं म्हणालं नाही. दादाला पकडलं, पण जामीन मिळाला तेव्हा आणायला गाडी कोणी पाठवली असेल? नानांनी! शेताचा तो रस्तापण मोकळा करून दिला. घरातलं घरात मिटलं ना! आणि वहिनी धुळ्याला आईकडे. तिथं शेजारपाजारच्या बायका जिन्यात थांबून बघतात. सख्खी आई म्हणते, "चार दिवस दम धरला असतास तर काय बिघडलं असतं?" आणि लोक तिकडे चॅनलला लिहिताहेत, माधवला सोडा, पुढचा भाग काढा, त्या रेवतीला धडा शिकवा!

काल दादाचा फोन आला होता तिला. तसाच मऊ आवाज. "कोर्टात बोलू नको, परीला घेऊन ये, मी झालं गेलं काढणार नाही." तो झालं गेलं काढणार नाही म्हणे! वहिनी म्हणाली, मी कोर्टात बोलणार, आणि फोन ठेवला. मग मला लावला आणि रडली. आपण चुकलो म्हणून नाही, एकटी पडली म्हणून.

तोंड काय वाकडं करतेस? अशी गप्प बसू नको, मला राग येतोय. तुझ्या मोरीत, तुझ्या हातात, तुझ्याच नवऱ्याचा तो शर्ट आला असता, तर तू काय केलं असतंस?